खेळालाही दाखल क्रमांक हवा

नाशिकमध्ये ग्रंथालयावर बोलायचं म्हणजे घरच्याच माणसांशी बोलणं. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, त्यामुळे वाचनालय कशाला हवं, हे तुम्हाला पटवायला नको. मी आज एवढंच मागणं मांडणार आहे, की महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शैक्षणिक खेळ असावेत आणि ते पुस्तकांसारखेच रीतसर दाखल झालेले, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवून क्रमांक दिलेले असावेत.

आमच्याकडे वाणिज्य शाखेची मुलं पुरवठा साखळीचा एक खेळ खेळतात. मूळ खेळ अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात तयार झाला, त्यात बिअरची खोकी असतात. आम्ही खोक्यांच्या जागी कांद्याच्या गोणी केल्या. चार जण ओळीनं बसतात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि टोकाला माल काढणारा. आपसात बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोहोचायला वेळ, माल यायला आणखी वेळ. गिऱ्हाईक पहिले चार आठवडे चार गोणी मागतं आणि पाचव्यापासून आठ. मग शेवटपर्यंत आठच. पण मुलांना हे ठाऊक नसतं. दुकानदार धास्तावून जास्त मागवतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त. काही फेऱ्या सगळीकडे टंचाई, आणि मग एकदम माल येऊन पडतो, ठेवायला जागा नाही.

शेवटी आम्ही चौघांच्या मागणीचे आलेख फळ्यावर एकाखाली एक काढतो. एकदा निफाडकडची एक मुलगी, घरी कांद्याची चाळ असलेली, त्या आलेखांकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सर, मला वाटायचं मधला कुणीतरी मुद्दाम करतो. इथं तर कुणीच काही केलं नाही." खऱ्या बाजारात मुद्दाम करणारे नसतात, असं मी म्हणणार नाही. पण माहिती उशिरा पोहोचली की शहाणी माणसंही मिळून गोंधळ घालतात, हे तिला त्या तासाभरात हाताला लागलं. पुस्तकात ते दोन परिच्छेदांत लिहिलेलं आहे आणि तिनं ते वाचलंही होतं.

हाच खेळ आधी एका प्राध्यापकांच्या कपाटात होता. ते निवृत्त झाले, कपाट हललं, पेटी गेली. दुसरी पेटी केली ती थेट दाखल नोंदवहीत चढवली. तपासणीला आलेल्यांनी विचारलं, ग्रंथालयाच्या पैशातून खेळणी कशी? मी त्यांना देवघेवीची नोंद दाखवली.

आता कामाचं सांगतो. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात घरात बसून खेळायचे कौशल्याचे खेळ ७९४ला जातात. तिथं टाकलात तर पेटी बुद्धिबळाच्या पुस्तकांशेजारी धूळ खाईल. आम्ही ती ६५८ला, व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी ठेवली. ज्याला गरज आहे तो तिथंच येतो. परत आलेल्या पेटीतल्या सोंगट्या मोजत बसलं, तर खिडकीवर रांग लागते. म्हणून भरलेल्या पेटीचं वजन झाकणाच्या आत ग्रॅममध्ये लिहिलंय. टपालाच्या काट्यावर ठेवायची. वजन जुळलं की जमा, नाही जुळलं तरच उघडून मोजायचं.

संगणकावरच्या खेळांचं दुखणं वेगळं. ब्राउझरमध्ये खेळ आणि चलचित्रं चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि त्यावर चालणारं कितीतरी शैक्षणिक साहित्य नुसतं नावापुरतं उरलं. पुस्तकाला वाळवी लागली तर दिसते, इथं आयकॉन तसाच राहतो. नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पानं आपली विज्ञानाची जुनी संगणकी प्रात्यक्षिकं एचटीएमएल५ मध्ये, म्हणजे कुठल्याही आजच्या ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या भाषेत, नव्यानं बांधायला घेतली. ती मोफत आहेत, उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात. बाकी काहीही विकत घेताना दोन गोष्टी विचाराच: परवाना महाविद्यालयाच्या नावावर आहे की कुणा एकाच्या खात्यावर? आणि विकणारी कंपनी बंद पडली तर हे उघडेल का?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी १९३१ सालचं पहिलं सूत्र आपण सगळे पाठ म्हणतो, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. खेळाचा उपयोग कपाटात होत नाही. त्याला टेबल, चार खुर्च्या आणि थोडा आवाज लागतो. अभ्यासिकेपासून लांबची एखादी खोली शोधा.

कांद्याची पेटी मी सोबत आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. चार जण बसा. चिठ्ठ्या मी देतो.