कीचक कोण?

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या माडीवर संध्याकाळी सात वाजता सतरंजी अंथरली जाते आणि विराटनगरीच्या अंतःपुरातील प्रवेशाची तालीम सुरू होते. सैरंध्रीचे, म्हणजे दासीच्या वेशातल्या द्रौपदीचे, काम करणाऱ्या मुलीच्या हातात लाकडी फणी आहे. राणी सुदेष्णेचे केस विंचरत असताना दारात कीचकाची चाहूल लागते, तेव्हा ती मान वर करीत नाही. फणी तेवढी केसांत थांबते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर हे टिळकांचे निकटचे सहकारी, ‘केसरी’च्या मुशीत घडलेले. १९०५ साली बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय कर्झन त्याच वर्षी विलायतेला परतला होता. त्याच्यावरचा राग मात्र इथेच राहिला होता. त्या रागाला खाडिलकरांनी महाभारतातील अशी कथा दिली, की जी पुण्यातल्या पोरासोरांनाही कीर्तनांतून आणि पुराणांतून पाठ होती. अज्ञातवासाची मुदत पुरी होईपर्यंत कळ काढावी असे कंकभट झालेला युधिष्ठिर सांगतो आणि मुदपाकखान्यातल्या बल्लवाला, म्हणजे भीमाला, ती कळ सोसवत नाही. द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा हिशेब प्रेक्षकांनी खुर्चीत बसल्या बसल्या जुळवला.

खाडिलकरांची खरी करामत नाटकाच्या पानांवर दिसते, किंवा खरे म्हणजे दिसत नाही. पिवळ्या पडलेल्या या प्रतीवरून बोट फिरवत गेले, तरी कर्झनचे नाव कुठेही सापडत नाही. नाटकाला राजद्रोही ठरवायचे, तर एका स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणारा हा उन्मत्त कीचक म्हणजे आपलाच माजी व्हाइसरॉय, हे सरकारला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागणार होते. विडंबनाच्या नाटकात ही सोय नसते. पौराणिक नाटकात असते, आणि म्हणूनच त्याला नुसते भाविक करमणुकीचे नाटक समजणे ही आपली मोठी चूक आहे.

१९१० साली सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली.

नाटकांचे प्रयोग रोखण्यासाठी इंग्रजांनी १८७६ साली केलेला कायदा पुस्तकातून निघायला जुने कायदे रद्द करणारा २०१७ चा निरसन कायदा यावा लागला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून घेण्याची पद्धत मात्र वेगळ्या नियमांखाली चालत आली आहे आणि ते काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आहे. माडीच्या कोपऱ्यात, हार्मोनियमच्या पेटीवर, या मंडळींनी काढलेल्या संहितेच्या झेरॉक्स प्रती ठेवल्या आहेत. त्या उद्या पाठवायच्या आहेत. बल्लवाचे काम करणारा मुलगा त्यांना दोरा ओवतो आहे आणि सैरंध्री पुन्हा फणी उचलते आहे.