सहाच वस्तू घरात आहेत? तरी रोज वेगळं जेवता येतं

हे बघा, एवढंच आहे माझ्यासमोर. तांदूळ, अख्खा मसूर, बटाटे, कांदे, अंडी आणि लिंबं. तेल-मीठ मी मोजलेलं नाही, ते आहे असं धरूया. यावर आठवडा काढायचाय आणि तिसऱ्या दिवशी ताट बघूनच भूक मरायला नको.

माझ्यावर ही वेळ आलेली आहे. एकदा सलग तीन आठवडे हातात पैसे नव्हते आणि घरात जवळपास हेच सामान होतं, आणि पहिल्या आठवड्यात मी काय करायचे तर सगळं एका पातेल्यात टाकायचे, पाणी घालायचे, शिजवायचे आणि खायचे. पहिल्या दिवशी मस्त लागलं. चौथ्या दिवशी घास उतरेना, आणि पोटात तर भूक होती! मला वाटायचं की सामान कमी आहे म्हणून असं होतंय. तसं नव्हतं, मी रोज एकच पोत खात होते. सगळं मऊ, सगळं ओलं, सगळ्याला एकमेकांची चव.

याला सेन्सरी स्पेसिफिक सटायटी म्हणतात. संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमाराला यावर प्रयोग केले. आपण जे खात असतो त्याच चवीचा, त्याच पोताचा कंटाळा येतो, पण वेगळं काही समोर आलं की परत खावंसं वाटतं. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना एकच पास्ता नुसत्या वेगवेगळ्या आकारांत दिला होता, तरी ते जास्त जेवले. म्हणजे बघा, चव तीच, फक्त आकार वेगळा! म्हणून माझं म्हणणं एकच आहे, सगळं एकत्र शिजवू नका. वेगवेगळं शिजवा आणि ताटात एकत्र आणा. एक मऊ, एक कुरकुरीत, एक कच्चं, एक आंबट.

आता कांदा घेऊ, कारण माझ्या मते या सहांमध्ये सगळ्यात जास्त रूपं याचीच आहेत. कांदा तिखट का लागतो? चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतलं एन्झाइम बाहेर येतं आणि त्यातून तो डोळ्यांना झोंबणारा पदार्थ तयार होतो. म्हणून अख्खा कांदा न चिरता उकडला की तो गोडसर आणि अगदी सौम्य लागतो, उष्णतेनं ते एन्झाइम आधीच निकामी होतं. हा झाला एक. दुसरा, कागदासारखा पातळ चिरा, मीठ आणि लिंबू चोळा आणि वीस मिनिटं विसरून जा, मऊ पडतो, तिखटपणा बसतो आणि कांदा लाल असेल तर सुंदर गुलाबी होतो. तिसरा, मंद आचेवर चांगली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं परतलेला, तपकिरी, जवळपास जॅमसारखा (दहा मिनिटांत होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, नाही होत). चौथा, तेलात कुरकुरीत तळलेला, वरून भुरभुरायला. हे चार कांदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणजे माझ्यासाठी या चार वेगळ्या वस्तू झाल्या.

तपकिरी रंगाचं जरा नीट समजून घ्या, इथे बरेच जण चुकतात. पाणी साधारण १०० अंशांना उकळतं, म्हणजे भांड्यात पाणी आहे तोवर पदार्थ त्याच्या फारसा वर तापत नाही. आणि ती भाजल्याची खमंग चव येते माय्यार अभिक्रियेतून, लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि ती जोरात चालते साधारण १४० अंशांच्या वर. म्हणून बटाट्याच्या फोडी आधी कोरड्या पुसा, तव्यावर गर्दी करू नका, आणि टाकल्यावर लगेच हलवू नका. गर्दी केली की फोडी आपल्याच वाफेत शिजतात, रंग येतच नाही आणि मग आपण म्हणतो बटाट्याला चव नाही.

बटाट्याचं अजून एक, किसून न धुता तव्यावर दाबला तर त्यातल्या स्टार्चनं तो धरून राहतो आणि त्याची अखंड कुरकुरीत चकती होते. तेच काप करून दोन-तीन पाण्यांतून धुतले की स्टार्च निघून जातो आणि ते सुटे सुटे राहतात.

भात ताजा असतो तेव्हा मऊ. तोच फ्रीजमध्ये रात्रभर थंड केला की दाणा घट्ट होतो, आणि तेलात परतायला हाच भात हवा, ताजा घेतला तर लगदा होतो. पण हे मनापासून सांगते, शिजलेला भात बाहेर ठेवू नका, पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांनी केलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही.

मसूर पंचवीसेक मिनिटांत शिजतो, दाणा अख्खा असतानाच काढला तर कोरडा, कांदा-लिंबू घालून गार खायचा. पुढे शिजवत राहिलात तर दाट सूप. भिजवून वाटला तर तव्यावर घावन घालता येतात. लिंबू मात्र शेवटी पिळा, आंबटपणामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो.

अंड्यांचं तुम्हाला माहितीच आहे, एकच सांगते. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करा, त्यात थोडं थोडं तेल आणि लिंबू घालत फेटा, छान दाट सॉस होतो, आणि पांढरा भाग बारीक चिरून वर. भाजलेल्या बटाट्यावर हा सॉस घालून बघा.

कमेंटमध्ये विचारतात की सातवी वस्तू आणायची झाली तर कुठली. मसाल्याचं पाकीट नको, लसूण आणा. त्याचंही कांद्यासारखंच आहे, कच्चा ठेचलेला वेगळा, तेलात सोनेरी केलेला वेगळा, अख्खा गड्डा भाजलेला तर लोण्यासारखा पसरतो.

आणि लिंबू पिळायच्या आधी धुऊन त्याची फक्त पिवळी साल किसून ठेवा, पांढरा भाग नको, तो कडू असतो. सगळा वास त्या सालीतल्या तेलात असतो. परतलेला भात गॅसवरून उतरवला की लगेच वर टाका.