लढाई टाळणाऱ्याचा खेळ

मित्रहो, आजचा विषय भांडणाचा आहे आणि रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचे खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाच्या तो ओळखीचा आहे. गोष्ट महत्त्वाची की लढाई? एखादा डिझायनर यातल्या एका बाजूने बोलला की चाहत्यांमध्ये दोन तट पडतात आणि मग महिनोन्‌महिने तेच दळण दळलं जातं. मी कुठे उभा आहे ते आधीच सांगून टाकतो. मी हे गेम गोष्टीसाठी खेळतो. तरीही लढाई काढून टाका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं असं की गेम कशाबद्दल बक्षीस देतो आणि कशाची किंमत वसूल करतो, त्यातूनच त्याची खरी गोष्ट घडते. संवाद किती देखणे लिहिलेत हा त्यानंतरचा प्रश्न.

सुरुवात जेनिफर हेपलर यांच्यापासून करू. ‘ड्रॅगन एज’ मालिकेच्या लेखकांपैकी त्या एक. २००६ साली एका मुलाखतीत त्यांनी साधी गोष्ट मांडली होती. ज्याला संवाद ऐकायचे नसतात त्याला ते पुढे ढकलायची सोय बहुतेक गेममध्ये असते. मग ज्याला लढाई नको त्याला ती ओलांडून पुढे जायची सोय का नसावी? ही मुलाखत २०१२ मध्ये कोणीतरी उकरून काढली आणि त्यांच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा भडिमार झाला. त्याला वादविवाद म्हणता येणार नाही, तो सरळसरळ छळ होता. मत पटलं नाही म्हणून माणसाच्या घरापर्यंत जाणाऱ्यांना चाहते म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्या गदारोळात त्यांचा प्रश्न बाजूलाच पडला. प्रश्न चांगला होता.

शांत डोक्याचे लोक त्यांच्याविरुद्ध एक मुद्दा मांडत होते, तो मात्र ऐकण्यासारखा आहे. रोल-प्लेइंगचा उगमच युद्धखेळात आहे, मग लढाई वगळून उरतं काय? उगमाचं खरं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, तो टेबलावर चिमुकली सैन्यं मांडून खेळायच्या खेळांतूनच वर आला. पण त्या जुन्या नियमांत प्रत्यक्षात काय लिहिलंय ते वाचा. १९८१ च्या बेसिक नियमांत एक ऑर्क, म्हणजे साधासा राक्षस, मारल्याचे १० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात. फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, दुसऱ्या लेव्हलवर जायला २,००० लागतात. म्हणजे नुसती कापाकापी करायची म्हटली, तर एकट्याने २०० ऑर्क लोळवायला हवेत. आणि पहिल्या लेव्हलच्या फायटरचा जीव केवढा? आठ बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढा. दोन वार वर्मी बसले की कॅरेक्टरचा कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. उलट खजिन्यातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी.

आता सांगा, डोकं ताळ्यावर असलेला खेळाडू काय करेल? ऑर्कांना चकवेल, लाच देईल, त्यांच्यात आपसांत लावून देईल आणि सोनं घेऊन पसार होईल. नियमांनीही त्याला वाट ठेवली होती. समोर आलेला प्राणी अंगावर येणारच असं नसे. दोन फासे टाकून त्याचा कल ठरे. बेरीज दोन आली तर थेट हल्ला, बारा आली तर चक्क दोस्ती, आणि मधल्या आकड्यांना बोलण्याला वाव. लढाई जुंपल्यावरही राक्षसांमधला पहिला मेला की त्यांच्या मनोधैर्याचा फासा पडायचा. ते खचले तर पळत किंवा शरण येत. ज्याला आपण आज लढाईची परंपरा म्हणतो, त्या परंपरेत लढाई म्हणजे शिष्टाई फसल्यावर भोगायची शिक्षा होती.

मग बदललं काय? सोन्याचे एक्सपी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या आवृत्तीत ऐच्छिक झाले आणि २००० च्या आवृत्तीत हिशेब मुख्यतः शत्रूवर मात करण्यावर आला. दरम्यान कॉम्प्युटर आला होता. टेबलापाशी खेळ चालवणारा गेम मास्टर माणूस असतो. खेळाडू काहीतरी अफलातून बोलला तर तो हसतो, विचार करतो आणि म्हणतो, “चल, टाक फासा.” कॉम्प्युटरला मेलेले राक्षस बिनचूक मोजता येतात. बोलण्यातली चलाखी मोजायची तर कोणीतरी ती आधी लिहून ठेवायला हवी. सोपं होतं तेच मोजलं गेलं, आणि पंचवीसतीस वर्षांत आपल्याला वाटायला लागलं की मोजण्यासारखं तेवढंच असतं.

हा हिशेब जाणूनबुजून बदलण्याचा प्रयत्न डिझायनर जॉश सॉयर यांनी ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये केला. २०१५ चा हा गेम चाहत्यांच्याच वर्गणीतून उभा राहिलेला, त्यामुळे प्रत्येकाला त्यावर आपला हक्क वाटत होता. सॉयर यांचं म्हणणं होतं की मारण्याचे एक्सपी दिले तर लपतछपत किंवा बोलून काम साधणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून काम पूर्ण केल्याचे एक्सपी द्यायचे, मग ते कोणत्याही मार्गाने करा. यावर रण माजलं. विरोधकांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लढाईत मंत्र खर्च होतात, साथीदार जखमी होतात, मुक्कामाचं सामान संपतं, आणि बदल्यात काही नाही? मग लढणं हा निव्वळ घाट्याचा सौदा. शेवटी मधला मार्ग निघाला. एखाद्या जातीचा प्राणी मारत गेलात की त्याची माहिती तुमच्या वहीत भरत जाते आणि त्या माहितीचे एक्सपी मिळतात. पान भरलं की मिळकत बंद.

माझ्या मते नियम सॉयर यांचाच बरोबर होता, फक्त त्या नियमाला साजेसे नकाशे आखले गेले नाहीत. अरुंद भुयारात वाट अडवून उभ्या असलेल्या टोळीशी बोलायची सोयच नसेल, तर मारण्याचे एक्सपी बंद करून त्या खेळाडूच्या हाती काय पडतं? विरोधकांची तक्रार खरी तिथे होती.

यापेक्षा मोठा दगा मी ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’मध्ये पाहिला. २००४ चा गेम, आणि माझ्या अत्यंत आवडीचा, म्हणूनच बोलतोय. तिथेही एक्सपी फक्त कामं पूर्ण केल्याचे. सुरुवातीचे कित्येक तास तो तुम्हाला पटवून देतो की इथे जिभेवर जगता येतं. तुम्ही सगळे गुण मन वळवण्यावर, मोहिनी घालण्यावर लावता. आणि शेवटच्या टप्प्यात तो तुम्हाला गटारात आणि मग मारेकऱ्यांनी भरलेल्या इमारतींत ढकलतो. तिथे कोणी एक अक्षर ऐकून घेत नाही. ज्याने गोष्टीवर विश्वास ठेवला त्यालाच शेवटी शिक्षा. पुढे गोष्टीचे चाहते लढाईचा इतका राग करायला लागले, त्याचं मूळ मला अशा जागांमध्ये दिसतं.

पण बोलण्याच्या बाजूलाही सगळं आलबेल नाही, आणि गोष्टीवाल्यांनी हे मान्य करायला हवं. लढाईत तुम्ही जागा निवडता, क्रम ठरवता, चूक झाली तर सावरता. आणि बोलणं? यादीतली एक ओळ निवडायची, झालं. २००८ च्या ‘फॉलआउट ३’मध्ये मन वळवण्याच्या ओळीपुढे यशाची टक्केवारी लिहिलेली असे. खेळाडू आधी गेम सेव्ह करायचे, ओळ दाबायची, जमलं नाही की पुन्हा तिथूनच. यात संवाद कुठे आहे? समोरचा माणूस कोण, त्याला काय हवंय, तो कशाला भितो, यातलं काहीही माहीत नसताना तुम्ही जिंकता. ज्यांना लढाई आवडते ते हे बघून म्हणतात की आम्हाला यात खेळ दिसत नाही, तेव्हा ते चुकीचं बोलत नाहीत.

याच मालिकेतल्या १९९७ च्या पहिल्या गेमशी तुलना करा. शेवटी ‘मास्टर’ समोर येतो. माणसांना बदलून नवी, बलवान जात घडवायची हा त्याचा ध्यास. त्याला हरवायचा एक मार्ग म्हणजे त्याला पुराव्यासह दाखवून देणं की त्याने घडवलेली जात वांझ आहे, तिला पुढची पिढी नाही. हा पुरावा आधीच शोधून आणावा लागतो. कोणालातरी विचारावं लागतं, ऐकलेलं लक्षात ठेवावं लागतं आणि नेमकं तिथे काढावं लागतं. आपण केलेला सगळा अत्याचार फुकट गेला हे कळल्यावर तो स्वतःच सगळं संपवतो. इथे जिंकायला तयारी लागली, आणि ती तयारी हीच गोष्ट होती.

आता मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण या भांडणाला मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर २०१९ च्या ‘डिस्को एलिसियम’मध्ये आहे. रॉबर्ट कुर्वित्झ आणि त्यांच्या चमूचा हा गेम. नेहमीच्या अर्थाने त्यात लढाईची यंत्रणाच नाही. पण धोका पुरेपूर आहे. अगदी सुरुवातीला, नशेतून उठलेला डिटेक्टिव्ह फिरत्या पंख्याला अडकलेला टाय ओढायला जातो. तब्येत कच्ची असलेलं कॅरेक्टर तुम्ही निवडलं असेल, तर त्या खटाटोपात हृदय बंद पडून तो मरू शकतो. दोन फासे, त्यात कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. दोन्हीवर सहा पडले तर यश नक्की, दोन्हीवर एक पडला तर अपयश नक्की. गेमभर हाच नियम, मग टाय ओढायचा असो की साक्षीदाराच्या डोळ्यांत खोटं शोधायचं असो.

शेवटाकडे एक प्रसंग आहे. आपला माणूस मारला गेला म्हणून सूडाने पेटलेले, दारू प्यायलेले भाडोत्री सैनिक बंदुका ताणून उभे आहेत. अंगावर चिलखत. तुमच्यापाशी एखादं पिस्तूल, ते शोधून काढलं असेल तर. आणि शेजारी तपासातला तुमचा जोडीदार किम कित्सुरागी, जो एव्हाना तुम्हाला जिवलग झालेला असतो. सगळा प्रसंग मजकुरातून आणि फाशांतून घडतो. प्रत्येक फाशापाशी कर्सर नेला की तुमच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय, याची यादी उघडते. त्या यादीत तुमच्या मागच्या दिवसांचा हिशेब असतो. कोणाशी नीट बोललात, काय शोधून ठेवलंत, कशाकडे दुर्लक्ष केलंत. किमला वेळेत सावध करता आलं नाही तर गोळी त्याला लागते आणि पुढचा गेम तुम्हाला त्याच्याशिवाय काढावा लागतो. मागे जाऊन सुधारायची संधी ठेवलेली नाही. हरलात तरी गोष्ट पुढे चालते, फक्त ती वेगळी होते.

हा प्रसंग लढाईत धरायचा की गोष्टीत? मला तिथे फरकच करता येत नाही. म्हणूनच हेपलर यांच्या सूचनेकडे मला आदराने पाहता येतं आणि तरी ती मला अपुरी वाटते. जी लढाई ओलांडली तरी गोष्टीत काहीच बिघडत नाही, ती मुळात तिथे का होती, हा प्रश्न डिझायनरला विचारायला हवा.

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चंही नाव घ्यायला हवं. १९९९ चा हा गेम, मुख्य डिझायनर ख्रिस अॅव्हलोन. नायक मरत नाही. पडला की पुन्हा उठतो. त्यामुळे त्यातल्या लढाया बहुतांशी निर्जीव आहेत, हे त्याचे भक्तही कबूल करतात, आणि मी त्यांच्यापैकी आहे. पण ‘मी का मरत नाही’ हाच गोष्टीचा गाभा असल्यामुळे मरण तिथे शोधाचं साधन झालं. काही वाटा मेल्याशिवाय उघडत नाहीत. लढाई फसली आणि तरी नियम गोष्टीच्या कामी आला, असं हे दुर्मीळ उदाहरण.

व्याख्यानानंतरच्या दोन प्रश्नांची उत्तरं इथे जोडतो.

एकाने विचारलं की लढाई सोपी करणारा ‘स्टोरी मोड’ दिला तर कष्ट करून जिंकणाऱ्यांच्या यशाची किंमत कमी होत नाही का? होत नाही. हेपलर यांचा छळ झाला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, ‘मास इफेक्ट ३’ने सुरुवातीलाच तीन पर्याय ठेवले होते. एकात लढाई अगदी सोपी, एकात संवादातले निर्णय गेम आपणहून घेणार, आणि एकात दोन्ही तुमच्या हाती. कोणाच्या निवडीमुळे दुसऱ्याच्या खेळातली एक गोळी कमी झाली नाही. माझी तक्रार वेगळी आहे. सोप्या पर्यायातही नायक तितकीच माणसं मारतो, फक्त ती लवकर मरतात. लढाई नको असलेल्या खेळाडूला यातून आराम मिळतो, नवी गोष्ट मिळत नाही.

दुसरा प्रश्न एका गेम मास्टरचा होता. तिच्या टेबलावर दोघांना लढायचं असतं आणि तिघांना बोलायचं असतं, मग सेशन अर्धं भांडणात जातं. तिला मी म्हटलं, लढाई थांबवू नका, ती शेवटच्या राक्षसापर्यंत खेळायची सवय तेवढी सोडा. मनोधैर्याचा तो जुना फासा परत आणा. त्यांच्यातला पहिला पडला की टाका, निम्मे पडले की पुन्हा टाका. आणि प्रत्येक टोळीच्या आकड्यांशेजारी एक ओळ आधीच लिहून ठेवा, की यांना नेमकं काय हवंय आणि कशावर हे मागे हटतील. लढणाऱ्या दोघांना त्यांची लढाई मिळेल. मग कोणीतरी शस्त्र खाली टाकून हात वर करेल, आणि त्याचं काय करायचं यावर पाचही जण बोलायला लागतील. त्या बोलण्याला हवा तेवढा वेळ द्या, फासा टाकायची घाई करू नका.