डॉक्टरांचं "नाही" नेमकं कशाला?

पहिलं सिझेरियन झालेली बाई म्हणते, या वेळी मिडवाइफच्या (प्रशिक्षित सुईणीच्या) देखरेखीखाली नॉर्मल डिलिव्हरी हवी. डॉक्टर म्हणतात, नाही. मग त्या एका शब्दावरून शेवटचे तीन महिने ताणाताणीत जातात. माझं सांगणं एवढंच, की वाद घालण्याआधी हा नकार कशाला आहे ते विचारून घ्या. गर्भपिशवीवरच्या व्रणाला, मिडवाइफला, की रात्री ऑपरेशन थिएटर चालू नसतं याला?

व्रणापासून सुरुवात करू. पोटावरचे टाके आडवे आहेत म्हणून पिशवीवरचा छेदही आडवाच असेल, असं नाही. वरून आडवा आणि आत उभा, असंही होतं. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, ऑपरेशनची पूर्ण नोंद मागवा. ती नीट वाचून घ्या: छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा होता का? बाळ काढताना तो कोपऱ्यात फाटला का, की वर वाढवून उलट्या 'टी'सारखा करावा लागला? सिझेरियन कशासाठी केलं? बाळ पायाळू होतं म्हणून केलेलं सिझेरियन आणि पूर्ण कळा येऊनही डोकं उतरलं नाही म्हणून केलेलं, यांत फार फरक आहे. पहिल्या प्रकारात या वेळी यश मिळण्याची शक्यता जास्त.

खालचा आडवा छेद एकदाच झालेला असेल, तर कळांमध्ये व्रण उसवण्याचा धोका साधारण २०० पैकी एकीला असतो. प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी साठ ते ऐंशी जणींची प्रसूती योनीमार्गे होते. छेद वरच्या भागात उभा असेल, तर मात्र हाच धोका शंभरात चार ते नऊपर्यंत जातो. तिथे डॉक्टर नाही म्हणाले, तर ते बरोबर आहेत, आणि मिडवाइफनेही तेच सांगायला हवं. "एकदा सिझेरियन तर कायम सिझेरियन" हे अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी १९१६ साली लिहिलं, तेव्हा छेद असाच उभा घेत. छेद बदलला, वाक्य तेवढं राहिलं.

आता मिडवाइफचा मुद्दा. डॉक्टरांना भीती असते ती धोका उशिरा कळण्याची, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून कळा नियमित सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके सतत नोंदवायचे, हे आधीच मान्य करा. व्रण उसवू लागला की बहुतेक वेळा आधी ठोके बिघडतात. दुखण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, ते प्रत्येकीला होतंच असं नाही. दोन कळांच्या मधेही न थांबणारं दुखणं, रक्तस्राव, चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबणं, उतरलेलं डोकं पुन्हा वर सरकणं, यांपैकी काहीही दिसलं की मिडवाइफने कोणाला बोलवायचं, त्या व्यक्तीचं नाव कागदावर हवं.

खरा खटका मात्र दिवस भरत आल्यावर उडतो. विसाव्या आठवड्यात "बघू" म्हणालेले डॉक्टर एकोणचाळिसाव्यात सिझेरियनची तारीख देतात. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याच्या आतच विचारा: तारीख उलटली तर किती दिवस थांबणार? कळा आणायची वेळ आली तर कशाने आणणार? मिसोप्रोस्टॉल हे कळा आणणारं औषध अशा बाईला द्यायचं नसतं. ऑक्सिटोसिनच्या सलाइननेही व्रण उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. वार (प्लॅसेंटा) व्रणावर तर नाही ना, हे सोनोग्राफीत पाहिलंय का, तेही विचारा. ती तिथे खाली चिकटलेली असेल, तर सगळा बेत नव्याने ठरवावा लागतो.

राहिला प्रश्न थिएटरचा. या प्रसूतीसाठी थिएटर त्याच इमारतीत असावं, असं माझं मत आहे. "सोय आहे" हे उत्तर पुरेसं मानू नका. रात्री दोन वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन गेल्यापासून छेद घेईपर्यंत किती मिनिटं लागतात, ते विचारा आणि तो आकडा फाइलमध्ये लिहून घ्या.