नाईक यशवंत घाडगे : पळसगाव ते मोंतोने

[दृश्य : टायबर नदीचं खोरं, डोंगरमाथ्यावरचं मोंतोने गाव]

मध्य इटलीतलं हे टायबर नदीचं वरचं खोरं. जवळपास प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांचं एखादं गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या जुलैत यातली एकेक टेकडी लढून घ्यावी लागत होती. ४ जूनला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं होतं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरत होतं, पण सहजासहजी नाही. उंचावर मशीनगन लावायची, खालून येणाऱ्यांना रोखून धरायचं, आणि अगदीच निभेनासं झालं की मागच्या टेकडीवर पुन्हा तेच.

खालून चढणाऱ्यांत एक मराठी पलटण होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, दहाव्या भारतीय डिव्हिजनमधली. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनचे डोंगर लढलेली हीच बटालियन.

तिच्यात होता नाईक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा, म्हणजे वय अवघं बावीस. पावसाच्या भरवशावरचं भात आणि जमिनीचे लहान लहान तुकडे, यावर घर चालत नाही हे कोकणाला कुणी सांगायला नको. कर्त्या पोरापुढे दोनच वाटा असत : मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण.

नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती आणि हाताखाली एक सेक्शन, दहाएक जवानांचं.

[दृश्य : चढण, खालच्या बाजूने]

१० जुलै १९४४. कंपनीचा हल्ला सुरू झाला आणि यशवंतच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा आला. सेक्शनमधले सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभा राहिला तो एकटा यशवंत.

अशा वेळी जमिनीला चिकटून राहिला असता, तरी कुणी बोल लावला नसता. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब टाकला. मशीनगन बंद पडली, ती चालवणाराही गेला. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. उरले दोघे, आणि मॅगझिन संपलं.

रिकामं मॅगझिन काढून भरलेलं चढवायला सरावलेल्या हाताला काही सेकंद पुरतात. त्याच्याकडे तेवढेही नव्हते. त्याने बंदूक उलटी केली, नळी मुठीत धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार केलं.

मशीनगनचा मोर्चा हाती आला होता. तेवढ्यात लपलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात यशवंतने प्राण सोडला.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, जाहीर झाला. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे आहेत. या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. यशवंतचं पदक त्याच्या पत्नीने स्वीकारलं. त्याची समाधी कुठेच नाही. नाव आहे ते इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, ज्यांचा अखेरचा ठावठिकाणा लागला नाही अशा हजारोंच्या नावांत.

त्याच जुलैत नेहरू, मौलाना आझाद आणि काँग्रेसचे इतर नेते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ज्या ब्रिटिश सरकारने त्यांना डांबलं, त्याच सरकारच्या फौजेत यशवंत लढला. मग ही लढाई आपली होती का, असं आजही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण तो लंडनला आणि दिल्लीला विचारावा. त्या चढावर यशवंतच्या आजूबाजूला त्याची स्वतःची माणसं पडली होती. त्याच्या शौर्याकडे बघताना मला ती माणसं दिसतात, झेंडा नाही. आणि म्हणूनच हा बावीस वर्षांचा पोर आपल्या आठवणीत इतका कमी असावा, याचं वाईट वाटतं.

[दृश्य : माणगाव, पुतळा]

माणगावात त्याचा पुतळा आहे. मोंतोनेच्या लोकांनी आणि इटलीतल्या लष्करी इतिहासकारांनी २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. स्वतःच्या भूमीवर लढून गेलेल्या परक्या मुलखातल्या सैनिकाला त्यांनी लक्षात ठेवलं.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात यशवंतचं नाव आहे, पण त्याच्याबरोबर पडलेल्या जवानांची नाही. तुमच्या घरात दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबा-पणजोबांचं एखादं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीतून आलेलं पत्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याचे फोटो काढा. त्यावरचा नंबर, पलटण, तारीख उतरवून ठेवा, आणि घरात जे कुणी वडीलधारे आहेत, त्यांना आजच विचारून घ्या.