डोळ्यावरचे चिलखत

(दृश्य : देवळाली कॅम्पच्या बाहेरचे उघडे माळरान, मागे बहुला किल्ल्याचा डोंगर. दुरून तोफेचा आवाज.)

देवळालीत वाढलेल्या माणसाला तोफेच्या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. सरावाच्या दिवसांत बहुला किल्ल्याच्या बाजूने एक जाड, दबका धक्का येई, वर्गाच्या खिडक्यांची तावदाने थरथरत, बाई खडू हातात धरून क्षणभर थांबत आणि आवाज विरला की फळ्यावरचे अर्धे राहिलेले वाक्य पूर्ण करत. तोफ डागणारा माणूस समोरचे लक्ष्य पाहूनच नेम धरत असणार, अशी आमची तेव्हाची ठाम समजूत होती आणि ती चुकीची आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. तोफा टेकडीआड उभ्या असतात आणि त्यांच्या गोलंदाजांना लक्ष्य सहसा दिसतच नाही. ते दिसते पुढे कोठेतरी, उंचावरच्या खंदकात दुर्बीण घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याला. सैन्यात त्या जागेला ‘ओपी’ म्हणतात, म्हणजे निरीक्षण चौकी. गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला की अलीकडे, डावीकडे की उजवीकडे, हे तो अधिकारी रेडिओवरून कळवतो आणि मागच्या तोफा तेवढ्या मापाने सरकतात.

हा लघुपट अशाच एका चौकीविषयी आहे. फरक इतकाच, की ही चौकी पाण्यावर तरंगते, लाटेबरोबर कलते, तिच्या पायाखालीच तोफा गर्जत असतात आणि शत्रूच्या तोफांचा रोखही तिच्याकडेच असतो.

(दृश्य : जुन्या युद्धनौकेचे छायाचित्र, कप्तानाच्या मंचाखालचा पोलादी बुरूज.)

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युद्धनौकांना लोखंडी चिलखत चढले, तेव्हा कप्तानालाही चिलखताआड उभे करावे, हा विचार ओघानेच आला. त्यातून जहाजाच्या पुलाखाली, म्हणजे कप्तान जेथून जहाज चालवतो त्या उंच मंचाखाली, किंवा त्याला लागून एक जाड पोलादी बुरूज उभा राहू लागला, ज्याला इंग्रजीत कॉनिंग टॉवर म्हणतात. १९०६ साली सेवेत आलेल्या ब्रिटिश ‘ड्रेडनॉट’ जहाजावर त्याची भिंत ११ इंच जाड होती. आत सुकाणूचे चाक, खाली आज्ञा पोहोचवणाऱ्या बोलनळ्या आणि बाहेर पाहण्यासाठी डोळ्याच्या उंचीवर कापलेल्या अरुंद आडव्या फटी असत. आपल्याकडचे गड पायी हिंडलेल्या माणसाला तटातल्या जंग्या आठवतील, आणि ती आठवण अगदी योग्य आहे. जंगीतून आतल्या माणसाला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतला माणूस सहसा सापडत नाही. बंदुकीच्या काळात ते पुरेसे होते. स्फोटक गोळ्यांच्या काळात मात्र तीच फट घातक ठरली, कारण फुटलेल्या गोळ्याचे कपचे नेम धरून येत नाहीत. ते मिळेल त्या वाटेने आत शिरतात.

हे रशिया आणि जपान यांच्या युद्धात दिसून आले. १० ऑगस्ट १९०४ रोजी पीत समुद्रातल्या लढाईत रशियन ॲडमिरल व्हिटगेफ्ट चिलखती बुरुजात न जाता उघड्या पुलावर थांबले आणि तेथेच गोळ्याला बळी पडले. थोड्याच वेळात त्यांच्या ‘त्सेसारेविच’ जहाजाच्या बुरुजावर दुसरा गोळा आदळला, त्याचे कपचे फटींतून आत गेले, आतली माणसे पडली आणि सुकाणू वळलेल्या अवस्थेतच अडकले. आघाडीचे जहाज गिरक्या घेऊ लागले तेव्हा मागच्या जहाजांना ही नवी आज्ञा आहे की अपघात, हे समजेना, आणि सारा ताफा विस्कटला. पुढच्या वर्षी, २७ मे १९०५ रोजी, त्सुशिमाच्या लढाईत ॲडमिरल रोझेस्टव्हेन्स्की बुरुजाच्या आत असूनही जखमी झाले, तर जपानचे ॲडमिरल टोगो ‘मिकासा’च्या उघड्या पुलावर उभे राहून सुखरूप राहिले. यातून कोणी चिलखताला दोष देऊ नये. टोगो वाचले हा दैवाचा भाग होता. पण नौदलातल्या पुष्कळ अधिकाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी धरली, की नीट दिसत नसेल तर जाड भिंतीआड उभे राहून लढाई चालवता येत नाही.

(दृश्य : क्षितिज. कॅमेरा हळूहळू उंच जातो.)

तोफा डागणाऱ्याची अडचण याहून मोठी होती. समुद्रावर किती लांबचे दिसेल, हे पृथ्वीच्या गोलाईवर ठरते. पाण्यापासून ४ मीटर उंचीवर डोळा असेल तर क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर येते; तोच डोळा २५ मीटरवर नेला तर ते सुमारे १८ किलोमीटरवर जाते. शिवाय स्वतःच्या तोफांचा धूर, उसळणारे पाणी आणि तुषार यांच्या वर राहायचे तर उंची हवीच. म्हणून डोलकाठीवर एक माचा बांधून निरीक्षकांना तेथे चढवण्यात आले. पण डोलकाठीवर ११ इंची पोलाद चढवता येत नाही, कारण वरचे वजन वाढले की जहाज डुलू लागते आणि शेवटी कलंडते. उंची आणि जाडी एकाच जागी मिळत नाहीत, हा या साऱ्या गोष्टीतला गाभ्याचा पेच आहे. ‘ड्रेडनॉट’वर तर आणखी एक चूक झाली होती. तिची डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या मागे उभारली होती आणि वारा तसा असला की धुराड्यातला तापलेला धूर थेट निरीक्षकांच्या माच्यावर येई.

आता तोफेपाशी येऊ. जुन्या पद्धतीत प्रत्येक तोफेचा नेमबाज आपापल्या दुर्बिणीतून आपापला नेम धरी. आठ-दहा तोफा असतील तर नेमही तितकेच, चुकाही तितक्याच, आणि एकमेकींच्या धुराने सगळेच आंधळे. दिशेत एका अंशाची चूक झाली तर ८ किलोमीटरवर गोळा सुमारे १४० मीटर बाजूला पडतो, म्हणजे जहाज जवळजवळ आपल्या लांबीइतके चुकते. ब्रिटिश नौदलातले सर पर्सी स्कॉट यांनी यावर जो उपाय लावून धरला, त्याला डायरेक्टर म्हणतात. उंचावर एकच दुर्बीण आणि एकच नेमबाज ठेवायचा. तो जो कोन साधेल तो विजेच्या तारांनी खालच्या प्रत्येक तोफेपर्यंत पोहोचवायचा. आणि घोडाही त्यानेच दाबायचा.

(दृश्य : तबकडीचे जवळून चित्रण. दोन काटे.)

तोफमनोऱ्यात बसलेल्या माणसासमोर काय असे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. घड्याळाएवढी एक तबकडी आणि तिच्यावर दोन काटे. एक काटा वरच्या डायरेक्टरच्या हुकमाने फिरे, दुसरा या तोफेच्या स्वतःच्या हालचालीने. हातातले चाक फिरवत दुसरा काटा पहिल्यावर आणून ठेवायचा आणि तेथून हलू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. शत्रूचे जहाज कोणत्या रंगाचे आहे, ते जळते आहे की पळते आहे, यातले त्याला काहीही दिसत नसे. तोफ भरून तयार झाली की वर एक दिवा लागे. दिवे लागले की वरचा नेमबाज जहाज डुलत डुलत नेमक्या कोनात येण्याची वाट पाही, दुर्बिणीतल्या तारेवर लक्ष्य आले की घोडा दाबी, आणि सगळ्या तोफा एकदम सुटत. नोव्हेंबर १९१२ मध्ये ‘थंडरर’ आणि ‘ओरायन’ या दोन भावंड जहाजांची कसोटी घेण्यात आली. अंतर सुमारे ९,००० यार्ड, वेळ तीन मिनिटे, समुद्र दोघींना सारखाच. डायरेक्टर असलेल्या ‘थंडरर’चे लागलेले नेम ‘ओरायन’च्या सुमारे सहापट भरले. इतक्या स्पष्ट निकालानंतरही नौदलातला विरोध एकदम मावळला नाही, याचे मला आजही वाईट वाटते, कारण पुढच्या लढाया फार दूर नव्हत्या.

अंतर मोजण्याचे काम निराळ्या यंत्राचे होते. बार अँड स्ट्राउड कंपनीचा ९ फुटी रेंजफाइंडर म्हणजे एक आडवी नळी, तिच्या दोन टोकांना दोन भिंगे आणि मध्ये एक डोळा लावण्याची जागा. आत पाहिले की समोरच्या जहाजाची डोलकाठी मधोमध कापल्यासारखी दिसे, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. खिट्टी फिरवत दोन्ही तुकडे एका रेषेत जुळवले की बाजूच्या पट्टीवर अंतर उमटे. जर्मन आरमाराने दोन्ही डोळ्यांनी खोली जोखणारी वेगळी पद्धत स्वीकारली होती.

अंतर कळले तरी प्रश्न सुटत नसे. लांब पल्ल्यावर गोळा अर्धा मिनिट हवेत असतो, आणि तेवढ्या वेळात २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर, वेगाने जाणारे जहाज ३०० मीटर पुढे सरकलेले असते. म्हणजे नेम जहाजावर धरायचा नसतो, ते जेथे पोहोचणार तेथे धरायचा असतो. हे गणित वरच्या माच्यावर होणे शक्य नव्हते. ते जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, चिलखताआडच्या एका खोलीत होई. तेथे दातेरी चाकांची गणनयंत्रे असत आणि ब्रिटिश जहाजांवर ती चालवायला बहुधा रॉयल मरीन्सच्या, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिक दलाच्या, बँडमधले वादक बसवले जात. शांततेत तुतारी वाजवणारा माणूस लढाईत अंतराचे आकडे यंत्रात भरत असे. डोळा वर, मेंदू तळाशी आणि मध्ये तारा, अशी ही विभागणी झाली. माझ्या मते जहाजाचे खरे संरक्षण या विभागणीनेच केले. नुसत्या जाड पोलादाने ते झाले नसते.

डोळ्याला मात्र आडोसा हवाच होता. पहिल्या महायुद्धातल्या ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या जहाजांवर दोन डायरेक्टर होते : एक डोलकाठीवर, उंच पण जवळजवळ उघडा, दुसरा कॉनिंग टॉवरच्या माथ्यावर, चिलखती टोपाखाली, ठेंगणा पण सुरक्षित. एक गेला तर दुसरा, असा विचार त्यामागे होता. जर्मनांनी सुरक्षिततेकडे अधिक झुकते माप दिले. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘डेर्फलिंगर’चे तोफखाना अधिकारी गेओर्ग फॉन हाझे जाड चिलखती बुरुजात बसून, छतातून वर काढलेल्या पेरिस्कोपने पाहत तोफा चालवत होते. पेरिस्कोपमुळे भिंतीतली फट डोळ्यासाठी अनिवार्य राहिली नाही. जंगीचा जुना प्रश्न काचेच्या लोलकांनी असा पुष्कळसा सोडवला.

(दृश्य : ‘आयएनएस दिल्ली’चे कृष्णधवल छायाचित्र.)

या विषयाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर एका जहाजाच्या नावात आहे. १९४८ साली भारताने ब्रिटनकडून एक क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, घेतली आणि तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. तिचे पूर्वीचे नाव ‘अकिलीस’ होते, आणि त्या नावाने, न्यूझीलंडच्या कित्येक खलाशांना घेऊन, ती १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत उतरली होती. समोर जर्मनीची ‘ग्राफ श्पे’ होती, ११ इंची सहा तोफांची. ‘अकिलीस’पाशी ६ इंची आठ तोफा. क्रूझर हलकी असल्यामुळे तिच्या डायरेक्टर टॉवरला जाड चिलखत परवडणारे नव्हते, पातळ पत्र्यावरच भागवले होते.

सकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास ११ इंची गोळा जहाजाच्या अलीकडे पाण्यावर फुटला. कपचे पुलावर आले आणि टॉवरचा पत्रा भेदून आत घुसले. चार जण ठार झाले, तोफखाना अधिकारी लेफ्टनंट वॉशबर्न यांची शुद्ध क्षणभर हरपली आणि कप्तान पॅरी पायाला जखमी झाले. टॉवरच्या आत इतकी अडचणीची जागा, की मेलेल्यांना आणि जखमींना लगेच बाहेर काढणेही शक्य नव्हते. त्यांच्यामध्येच उभे राहून उरलेल्यांनी यंत्रे पुन्हा चालू केली. रॉयल मरीन्सचे सार्जंट ट्रिंबल गंभीर जखमी होते. ते लढाई संपेपर्यंत, जवळजवळ तासभर, तक्रारीचा शब्द न काढता आपल्या जागी उभे राहिले, मदत आल्यावर आधी इतर जखमींना हलवायला हात दिला आणि मग स्वतः चालत दवाखान्यात गेले. डॉरसेट नावाचा एक पोरसवदा खलाशी त्याच टॉवरमधून तोफांना निरोप पोहोचवत होता. तो मेला, अशी बातमी खाली तोफांपर्यंत गेली होती आणि तो ती स्वतःच्या आवाजात, जोराने खोडून काढत असल्याचे ऐकू आले.

समोरच्या जहाजाचे कप्तान लांग्सडोर्फ यांच्यापाशी चिलखती बुरूज होता. तरीही ते उंचावरच्या, जवळजवळ उघड्या जागी उभे राहून लढले, कारण तेथून दिसत होते. आणि त्या सकाळी तेही दोनदा जखमी झाले. ‘ग्राफ श्पे’ माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्याच खलाशांनी तिला बुडवले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात रडार आले. धुक्यात आणि अंधारातही अंतर कळू लागले आणि तबकडीवरचा काटा हुकूम मात्र आता डोळ्याऐवजी अँटेनाचा पाळू लागला. ब्रिटिशांनी तोवर आपल्या नव्या बॅटलशिपांवरचे कॉनिंग टॉवर बरेच पातळ करून टाकले होते, तर अमेरिकेने ‘आयोवा’ वर्गावर त्यांची भिंत १७.३ इंच ठेवली. हा मतभेद शेवटपर्यंत मिटला नाही.

(दृश्य : दीवचा किल्ला, समुद्राच्या बाजूने.)

डिसेंबर १९६१ मध्ये ‘दिल्ली’ने आपल्या ६ इंची तोफा दीवच्या किल्ल्यावर डागल्या. लक्ष्य या वेळी स्थिर होते, दगडी तटांचे आणि बुरुजांचे. १९७८ साली ती नौदलातून निवृत्त होऊन मोडीत निघाली आणि तिचा ‘वाय’ नावाचा मागचा तोफमनोरा भारताने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडमधल्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी तो आज उभा आहे. रिव्हर प्लेटच्या त्या सकाळी वरच्या टॉवरमध्ये माणसे पडत असताना, याच मनोऱ्यातले गोलंदाज तबकडीसमोर बसून एका काट्यामागे दुसरा काटा नेत होते.