विवरातली बुडी आणि हवेचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार. चुनखडकाचं छत खचून खोल विवर तयार होतं, त्यात गोडं पाणी साठतं, हेच सिंकहोल. पाणी इतकं नितळ की बरीच खालची शिळा हाताशी आल्यासारखी वाटते. फसगत इथूनच सुरू होते. उतरताना वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा फेसाळ रबरी पोशाख, दाबला जातो, तरंगण्याची ताकद घटते आणि उतरण्याचा वेग आपोआप वाढतो. म्हणून तरंगणं सांभाळणाऱ्या, फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा थोडी थोडी, आधीपासूनच भरत राहायची. खाली जायला कमरेला बांधतात ते शिशाचं वजनही समुद्रातलं तसंच बांधून चालत नाही. गोडं पाणी कमी उचल देतं, त्यामुळे सरंजामासकट शंभर किलो भरणाऱ्यानं साधारण अडीच किलो शिसं कमी करावं.

आता हवा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं 2400 लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर 40 मीटरवर दाब पाचपट, म्हणून 100 लागते. खाली जोडीदाराची हवा संपली असं समजा. घाबरलेले दोघे प्रत्येकी 30 च्या हिशोबानं ओढतात, म्हणजे 40 मीटरवर मिनिटाला 300 लिटर. सावरायला दोन मिनिटं धरा, 600 गेले. मिनिटाला 9 मीटरच्या वेगानं वर यायला सुमारे 800, अंगात विरघळलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून पाच मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्याला 270. बेरीज 1670 लिटर, म्हणजे जवळपास 140 बार फक्त राखीव! उरलेल्या 60 बारमध्ये बुडी ती किती होणार? म्हणून 40 मीटरला एकच सिलिंडर घेऊन जाणं आम्हाला पटत नाही. जोड सिलिंडर घ्या. माथ्यावर कपार असेल तर तिथे सरळ वर येता येत नाही, तेव्हा हवेचा एक तृतीयांश जायला, एक यायला आणि एक राखीव.

विवर उंचावर असेल तर वरचा हवेचा दाबच कमी, त्यामुळे थांबे लांबतात. दक्षिण आफ्रिकेतलं बोसमन्सगाट हे विवर सुमारे 1550 मीटर उंचीवर आहे. पाणबुडे नूनो गोम्स 1996 साली तिथे 282 मीटरपर्यंत उतरले, तेव्हा त्यांना थांब्यांचं गणित त्याहून खोल बुडीचं धरावं लागलं.

थंड पाण्यात, विशेषतः दहा अंशांखाली, रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाजोगत्या दाबावर आणणाऱ्या यंत्राचा, सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा गोठून हवा धो धो सुटते. हवेचा झोत मोठा तितकं गोठणं सोपं, म्हणून श्वास घेत असतानाच जॅकेट फुगवू नका. झालंच तर जोडीदाराचा रेग्युलेटर तोंडात घ्या, सुटणाऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि वाट दाखवणारी दोरी न सोडता वर निघा.